पिक्चरमध्ये नसलेला सीन

या ग्रुपवर भुताच्या गोष्टी टाकणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त खेचली आहे. नंदुरबारला शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे ‘पुरावा काय?’ ही माझी ठरलेली कमेंट… आता पाळी तुमची. खेचा.

इथल्या एका साप्ताहिकात मी चित्रपटांवर लिहितो. गेल्या हिवाळ्यात भटूचा सिनेमा आला. भटू म्हणजे रनाळ्याचा माझा कॉलेजमधला मित्र. दोघंही तेव्हा कथा लिहायचो. पुढे त्याने लिहिणं सोडलं, पुण्याला नोकरी धरली, आणि बावीस वर्षांनी एकदम दिग्दर्शक होऊन उगवला! सिनेमा दोन भावांचा. धाकट्याच्या चुकीने घरातली सून विहिरीत बुडते, थोरल्याला ते माहीत असतं, आणि दोघंही जन्मभर गप्प राहतात. मोठमोठे समीक्षक नुसते लोटांगण घालत होते. ‘संयत’, ‘अपराधभावाचा तळ गाठणारा’, ‘इथे शांतता बोलते’… साडेचार स्टार! दोन माणसं न बोलता भाकरी खातात, यात कसले आलेत स्टार? खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट होत होता. एकेक परीक्षण शोधून वाचायचो आणि जेवण जायचं नाही.

बायकोला, सुनंदाला घेऊन दुपारी बाराच्या शोला गेलो. वही-पेन घेऊन, चुका काढायला. सिनेमा चांगला होता, हीच तर पंचाईत.

इंटरव्हलनंतर एक सीन आला. धाकटा भाऊ मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर उभा, चहूकडे लाल मिरची वाळत पडलेली. तो पोस्टात टाकायचं एक पाकीट फोडतो, आतले कागद वाचतो, मग मिरचीच्या गोणीत खुपसतो आणि दाभणाने गोणीचं तोंड शिवून टाकतो.

मी अंधारातच सगळं वहीत खरडलं. हे मी केलं होतं! कॉलेजात असताना कथास्पर्धेला पाठवायचं पाकीट भटूने माझ्याकडे दिलं होतं, कारण त्याची आई चिंचपाड्याच्या दवाखान्यात होती. मी ते आमच्या पथारीवर फोडून वाचलं… आणि गोणीत शिवलं. गोणी ट्रकमध्ये गेली. स्पर्धेत माझ्या कथेला बक्षीस मिळालं. हे मी कुणालाच, अगदी सुनंदालासुद्धा, सांगितलेलं नाही.

वाटलं, भटूला कळलंय आणि त्याने मला चारचौघांत उघडं पाडलंय. घरी येऊन रागाच्या भरात लिहिलं — ‘पथारीवरचा सीन कथेशी संबंध नसलेला, निव्वळ खोटा. मित्राचं पाकीट पोस्टात न टाकता मिरचीच्या गोणीत शिवणारा माणूस असतो का कुठे?’

अंक निघाला त्या रविवारी सकाळी भटूचा फोन आला.

“मास्तर, तुन्हं लिखेल वाचं. पन मन्हा पिच्चरमा मिरचीनी पथारी कोठे शे रे?”

“इंटरव्हलनंतर. धाकटा भाऊ…”

“तो सीनच नही शे, भाऊ. पाकीट बी नही शे.”

मी सुनंदाला विचारलं. ती शोभर माझ्या शेजारीच बसली होती.

“आसं काहीच नव्हतं. तुम्ही झोपी गयथात का?”

वही काढली. सीन माझ्याच अक्षरात, गिचमिड, अंधारात लिहिलेला… दाभणासकट. आणि आता उमगलं, सिनेमातल्या भावांना मित्र नव्हताच. ‘मित्राचं पाकीट’ हे परीक्षणात माझ्याच पेनातून उतरलं होतं.

फोन चालूच होता. भटूने पलीकडून विचारलं,

“ते पाकीट… मन्हं व्हतं ना?”

“हा.”

“बावीस वरीस मी समजी ऱ्हायनू, मन्ही गोष्टच वाईट व्हती.”

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून पुन्हा बाराच्या शोला जाऊन बसलो. तो सीन नव्हता. डुलकी लागली असेल म्हणावं, तर झोपेत कोण लिहितं? भास म्हणावा, तर पुढच्या-मागच्या सीनच्या नोंदी तंतोतंत बरोबर आहेत. विज्ञानाच्या मास्तरकडे याचं उत्तर नाही. तुमच्याकडे असेल तर द्या.

फोन ठेवण्याआधी भटूने एवढंच विचारलं होतं, “तू ती गोष्ट वाची व्हती ना? मंग सांग, कशी व्हती?”

इतक्या सिनेमांवर लिहिलं, पण कुणाच्याही कामाबद्दल इतकं खरं मी कधी बोललो नव्हतो. म्हणालो, “मन्हापेक्षा चांगली व्हती, भटू. म्हनीसनच गोनीमा शिवी टाकी.”