बांध कोरून वाढलेला देश

जाफराबादच्या कॉलेजात मी पोरांना अमेरिकेचा इतिहास शिकवतो. परवा फळ्यावर नकाशा काढून विचारलं, हा देश पश्चिमेकडं वाढला कसा? पुढच्या बाकावरची पोरगी म्हणाली, "बांध कोरून, सर."

उत्तर बराबर होतं. पुस्तकानं त्यासाठी चार पानं खर्ची घातली आहेत, तरी इतकं स्वच्छ लिहिलेलं नाही. नांगरताना दरवर्षी शेजाऱ्याच्या बाजूला थोडं सरकायचं, हे आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही.

"मंग नांगर कोन धरत व्हतं?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, भांडण त्यावरूनच पेटलं. नव्या जमिनीत कापूस लावायला गुलाम न्यायचे की नाही, यावर तिथले लोक वर्षानुवर्षं वाद घालत बसले. पोरांनी गुलामगिरीचा एकमतानं निषेध केला. मीही केला.

घरी जाताना वाटेत आमच्या शेतातला कडुलिंब दिसला. माझ्या लहानपणी तो बांधावर होता.

तेव्हा नांगर सालगडी धरायचा, पाडव्याला वर्षाच्या बोलीवर ठेवलेला. एकदा शेजारी तक्रार घेऊन आला. वडील म्हणाले, "मी नांगराला हात लावत न्हाई. ह्याला इचारा." आणि शेजाऱ्यादेखत सालगड्याला शिव्या दिल्या.

पुढच्या नांगरटीला वडिलांनी त्यालाच बोलावून सांगितलं, "औंदा वीतभरच घे."