नवस फेडू न देणाऱ्या डॉ. सुनंदाताई

डॉ. सुनंदाताईंची आणि माझी ओळख एका वाक्यामुळे झाली. दौंडच्या महाविद्यालयात मी तर्कशास्त्र शिकवीत असे. तेथे व्याख्यानासाठी आलेल्या ताई म्हणाल्या, "तपासणीत काही सापडलं नाही, एवढंच मी सांगते. काही नाहीच, असं मी कधी सांगत नाही." हे वाक्य पुढे मी वर्षानुवर्षे वर्गात उदाहरण म्हणून वापरले.

उदाहरण देणे आणि ते पाळणे या भिन्न गोष्टी आहेत, हे मला उशिरा कळले. न्हावऱ्यात शेती करणारा माझा धाकटा भाऊ आप्पा याच्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती. पुढची देखरेख ताईंच्या शिरूरच्या दवाखान्यातून चाले. स्कॅन स्वच्छ आला. वहिनींनी ती फिल्म देवघरात ठेवून तिला भंडारा लावला. खंडोबाचा नवस फेडण्यासाठी जागरण ठरले आणि पाहुण्यांना आमंत्रणे मीच केली.

जागरणाला दोन दिवस उरले असताना ताई स्वतः न्हावऱ्याला आल्या. स्कॅनबरोबरच पाठवलेल्या रक्ताचा अहवाल आला होता. गाठीच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात. आप्पाच्या रक्तात ते सापडले होते.

मी हादरलो, आणि हादरलेला माणूस करतो तेच केले : वाद घातला. "प्रत्यक्ष दिसणाऱ्या चित्रापुढे हे अनुमान कसे टिकेल?"

"सर, फार लहान गाठ स्कॅनला दिसत नाही. न दिसणं म्हणजे नसणं नव्हे, हे तुम्हीच शिकवता ना?"

मग मी वाद सोडला. निदान जागरण होईतो आप्पाला सांगू नका, अशी विनंती केली. त्या म्हणाल्या, "रक्त त्यांचं आहे, सर. बातमीही त्यांचीच."

आप्पाने सारे ऐकून घेतले. "म्हंजी चोर घरात दिसंना, पर चपला दारात हायती. असंच ना, ताई?"

"असंच. पण चपला त्याच्याच का, ते पुन्हा तपासायचंय. एका अहवालावर मी औषध सुरू करणार नाही."

"आन् जागरण? बोकडं ठरल्याती. दादानं निम्म्या तालुक्याला आवतण दिलंय."

"करा की. फक्त नवस फिटला म्हणून नको. मागणं म्हणून करा."

तसेच झाले. रक्ताची दुसरी तपासणीही तेच बोलली. मग ताईंनी ठरल्या वेळेआधी स्कॅन करवला आणि यकृतावर छोटा डाग दिसला, काढता येण्याजोगा. तो काढला. आप्पा पुन्हा गोठ्यात धारा काढतो. एका स्वच्छ फिल्मवर भिस्त ठेवून मी भावाला निश्चिंत बसवणार होतो.

रक्ताच्या तपासणीने वाचवले, असे मात्र ताई कुणाला म्हणू देत नाहीत. रक्तही चुकते, चित्रही चुकते. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचायची, असे त्या बजावतात. युक्तिवादात आयुष्य घालवलेल्या मला इतका प्रामाणिक युक्तिवाद क्वचितच भेटला.

ताईंना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. आप्पाचे रक्त गेल्याच आठवड्यात पुन्हा तपासणीस गेले आहे. अहवाल यायचा आहे. त्यात काय असेल, याचे अनुमान मी करीत नाही. जे असेल ते त्याच्यासमोर बसून सांगण्यासाठी ताई पुढेही पुष्कळ वर्षे निरोगी आणि धडधाकट असाव्यात, एवढे मात्र मी मागतो.