सुट्टी रद्द करायला निघालेले घरमालक

अख्ख्या महाराष्ट्रात सुट्टीचा राग येणारा एकच सरकारी नोकर जन्माला आला असेल, तर तो म्हणजे आमचे घरमालक. रागही सगळ्या सुट्ट्यांचा नाही, एकाच सुट्टीचा. तिचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की निम्मे वाचक माझ्यावर चिडतील आणि उरलेले निम्मे त्या निम्म्यांवर. कधीकाळी झालेल्या एका लढाईची ती सुट्टी, एवढंच सांगतो. त्या दिवशी सोलापूरच्या भवानी पेठेतली आमची अर्धी गल्ली कमानी उभारते, अर्धी दारं लावून बसते आणि मधोमध पोलीस बांबू बांधून टाकतात. बांबूच्या अलीकडे घरमालक, पलीकडे त्यांचे दोस्त, गादीवाले चाचा. चाळीस वर्षं रोज सकाळी साडेसातला हे दोघं चाचांच्या दुकानाच्या फळीवर बसून एक चहा दोन बशांत प्यायचे. वर्षातला तेवढा एक दिवस चहा चुकायचा. घरमालकांचं सरकारशी भांडण होतं ते एवढंच.

पण भांडायचं ते रीतसर. उभी हयात कचेरीत मसुदे लिहिण्यात गेल्यामुळे घरमालक कलमांखेरीज बोलत नाहीत. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्याच्या आदल्या संध्याकाळी जिन्यावर परिपत्रक लागतं: ‘कलम एक, प्रथम पिण्याचे भरावे. कलम दोन, नळाला मोटार लावणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहिण्यात येईल.’ विधेयकाच्या शेवटी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’ जोडायचं असतं, ते यांच्या हाडीमाशी इतकं भिनलंय की एकदा घरमालकीण काकूंनी वांगी आणायला सांगितली असताना हे दोडकी घेऊन आले आणि पिशवीत कारणांचा अर्धा पानभर कागदही ठेवला. काकू म्हणाल्या, “अवो, ही कारणं फोडणीला टाकू काय आता?”

तर त्या सुट्टीवरही त्यांनी विधेयक लिहिलं. ती सुट्टी रद्द करावी आणि बदल्यात ज्यानं त्यानं आपल्या पसंतीचा एक दिवस घ्यावा, इतकं सरळ. कच्चे मसुदे किती झाले ते काकूंना ठाऊक. पापड वाळायला घालायचे तर गच्चीवर आधी मसुदेच वाळत असत. शेवटी एक आमदार पटले म्हणा किंवा कंटाळले म्हणा, पण विधेयक आपल्या नावानं द्यायला तयार झाले. कुणाचं विधेयक घ्यायचं यासाठी सभागृहात चिठ्ठ्या टाकतात, त्यात त्यांचं नावही निघालं. विधेयक चर्चेला आलं त्या दिवशी घरमालक निवृत्तीच्या निरोपसमारंभाचा कोट घालून माझ्या मोबाइलसमोर बसले, शेजारी चाचा. सभागृहात एक जण म्हणाला सुट्टी राहिलीच पाहिजे, दुसरा म्हणाला गेलीच पाहिजे, तिसऱ्यानं आणखी दोन मागितल्या. मग मंत्री उठले, म्हणाले शासन विचार करील, आणि आमदारांनी विधेयक मागे घेतलं.

“साब, पास झालं का नापास?” चाचांनी विचारलं.

“विचाराधीन,” घरमालक उजळलेल्या चेहऱ्यानं म्हणाले.

“म्हंजे नापासच की,” म्हणत चाचांनी बशीत चहा ओतला. तेव्हापासून ‘शासनाने विचार करावा’ असं स्मरणपत्र दर महिन्याला मुंबईला जाऊ लागलं.

मागच्या वर्षी चाचांची नजर गेली. लेक त्यांना आपल्या सासरी मैंदर्गीला घेऊन गेली आणि दुकान बंद झालं. घरमालक तरी साडेसातला जाऊन त्या फळीवर एकटेच बसत. मी विचारलं तर म्हणायचे, “हवा खातो.” मला ते बघवत नसे.

चाचांचा जावई तिकडे मास्तर. रविवारी शिकवण्या, झेंडावंदनाला शाळा, सणाला पाहुणे. त्याला पुरता मोकळा असा सुट्टीचा दिवस वर्षात एकच, नेमका तोच. यंदा त्या दिवशी त्यानं चाचांना मोटारसायकलवर मागे बसवून सोलापूरला आणलं. बांबू बांधून झाले होते, पोलीस आत सोडेनात. घरमालक थर्मास आणि दोन बशा घेऊन बांबूपाशी गेले. हवालदारानं दोघांना आपलं बाकडं दिलं. चाचांनी त्यांचा खांदा चाचपला, म्हणाले, “लई वाळलात की, साब.” घरमालकांनी एक चहा दोन बशांत ओतला आणि एक बशी त्यांच्या हातात दिली. दोन तास दोघं तिथे बसले होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे वर आले आणि म्हणाले, “एक अर्ज टाइप करा की.” मी टाइप केला. एकच ओळ होती: ‘सदर सुट्टीबाबत शासनाने तूर्त विचार करू नये, ही नम्र विनंती.’

मला हसू आलं. “आणि उद्देश व कारणे?”

“ते कोरं सोडा.” त्यांनी खिडकीतून त्या बंद दुकानाकडे बोट केलं. “काय ल्ह्यायचं त्यात? म्हातारा तेवढ्याच दिवशी येतो की.”

अर्ज मी पाठवून दिला. पुढच्या वर्षीच्या सुट्ट्यांची यादी आली तेव्हा घरमालकांनी आधी ती तारीख तिथे आहे ना, ते पाहिलं, आणि तिच्याभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला. तो दिवस अजून लांब आहे, पण थर्मास मात्र धुऊन पालथा घातलेला आहे.