शेवटच्या धारा

झुंबरबाईला कुणी चोर म्हटलं, तर आज माझा हात उठेल. पण १९९४ साली जालन्यात तिला भर शेडमध्ये चोर म्हणाले, तेव्हा मी चार पावलांवर उभा होतो आणि स्वतःच्या चपलांकडे बघत होतो.

ती मूळची धावड्याची, बौद्ध वस्तीतली, लहानपणापासून शेळ्यांमागे फिरलेली. नवरा रोलिंग मिलमध्ये लागला म्हणून जालन्यात आली आणि पशुखाद्य बनवणाऱ्या एका कंपनीच्या शेडवर कामाला राहिली. अंगाने एवढीशी. पण कुणी ‘ए बाई’ म्हणून हाक मारली, तर वळूनही बघायची नाही. “नाव हाय मला,” म्हणायची.

शेडमध्ये प्रयोगाच्या सहा शेळ्या होत्या. डॉक्टर अण्णासाहेबांनी ऑपरेशन करून त्यांच्या शिरांमध्ये बारीक नळ्या बसवल्या होत्या. एक पोटाकडून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत, एक यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेत, एक कासेपाशी. शेळीच्या पोटात चारा आंबतो, त्यातून आम्लं तयार होतात आणि रक्तात उतरतात. पोटाने किती दिलं, यकृताने किती ठेवून घेतलं आणि कासेपर्यंत किती पोचलं, हे डॉक्टरांना मोजायचं होतं. रक्त मी तपासायचो, दुधातलं फॅटही मीच काढायचो. धार मात्र झुंबरबाईची. ती जवळ नसली तर त्या शेळ्या कुणाला अंगाला हात लावू देत नसत.

त्या फेब्रुवारीत फॅट चार टक्क्यांवरून अडीचवर आलं. पाणी घातलेलं नव्हतं, ते मी तपासून पाहिलं होतं. मग अण्णासाहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि विचारलं, “शेवटच्या धारा कुठं जातात?”

शेवटच्या धारांचं दूध सगळ्यात दाट, हे धार काढणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. झुंबरबाईच्या घरी दीड वर्षांची पोर होती. शेवटच्या धारा तांब्यात काढून ती घरी नेत असेल, हेच सगळ्यांच्या मनात आलं.

“लेकरासाठी चोरतेस. उद्यापासून येऊ नकोस,” डॉक्टर म्हणाले.

ती रडली नाही. पदर खोचला आणि म्हणाली, “चोर म्हणून मी घरी जाणार न्हाई. उद्या येणार म्हंजी येणार.”

दुसऱ्या दिवशी शेड उघडायच्या आधी ती दारात हजर. “डाक्टर, आज धार तुमी काढा. पार शेवटच्या थेंबापोतर. मी शेळीच्या तोंडाशी उभी राह्यते, हात मागं बांधून.”

आणि खरंच तिने माझ्याकडून स्वतःचे हात दोरीने बांधून घेतले. ती गाठ मारताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अण्णासाहेब बादली घेऊन उकिडवे बसले. सवय नसलेला माणूस, घामाघूम झाला. सहाही शेळ्या शेवटच्या थेंबापर्यंत पिळल्या. मी फॅट काढलं. अडीच.

“आता सांगा, कोण चोर हाय?” तिने विचारलं.

मी तिच्या हातांची दोरी सोडली. ती पुढे बोलली, “तीन हप्ते झाले, तुमी कडबा कमी केला अन् दान्याचा भरडा वाढवला. मी तवाच म्हन्ले व्हते, दूध पातळ हुईल. कडबा घाला. आठ-दहा रोजात दूध बराबर दाट होतंय का न्हाई बघा.”

अण्णासाहेबांनी रक्ताच्या आकड्यांची वही उघडली आणि खुर्चीत बसून एकेक पान पडताळलं. कडब्यापासून पोटात जे आम्ल जास्त तयार होतं, ते यकृत फारसं अडवत नाही. ते पुढे जातं आणि कास त्यापासून स्निग्धांश बनवते. भरड्याने दुसरं आम्ल वाढतं, ते यकृत जवळजवळ सगळं ठेवून घेतं आणि त्याची साखर करतं. कासेला पोचणारं पहिलं आम्ल तीन आठवडे घटत चालल्याचं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. एवढा शिकलेला माणूस, उत्तर मांडीवर घेऊन चोर शोधत होता! आणि ते आकडे लिहिणारा मी? मी तरी काय दिवे लावले होते?

कडबा सुरू झाला. दहाव्या दिवशी फॅट तीन पूर्णांक आठ दशांश आलं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर अण्णासाहेब तिच्याजवळ गेले. “झुंबरबाई, चुकलं माझं,” हळूच म्हणाले. मी आत बाटल्या धूत होतो.

“न्हाई चालायचं,” ती म्हणाली. “चोर म्हन्ले तवा बारा मानसं व्हती. आता इथं मोकळं शेड हाय. बोलवा त्यांला.”

“अगं, पण—”

“अगं न्हाई. झुंबरबाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाराच्या बारा जण रांगेत उभे राहिले, वॉचमनसुद्धा. अण्णासाहेब मोठ्याने बोलले, माफी मागितली. लोक पांगायला लागले. मीही निघालो.

“थांब, वसंता,” ती म्हणाली. “वही तुझीच व्हती ना? त्या दिवशी तू बी तितंच व्हतास.”

सगळे थांबले. माफीचे शब्द जुळवायला मला फार वेळ लागला, आणि तोवर झुंबरबाईने धारेसाठी एकाही शेळीला हात लावला नाही.