स्विचवरचा हार

आमच्या परंड्याच्या पतसंस्थेत खंडेनवमीला अध्यक्षांनी कात्रीपासून कॉम्प्युटरपर्यंत सगळ्यांची पूजा केली. सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या नेटवर्कच्या स्विचला झेंडूचा जाड हार त्यांनी स्वतःच्या हातानं घातला, फोटोसाठी दोनदा. पुढचे चार दिवस स्विच घडीघडी बंद पडत राहिला आणि शेवटी उठेनाच. तेव्हा कुठं मी तो हार गुपचूप काढून टाकला.

धाराशिवहून एसटीनं तंत्रज्ञ आला. पन्नाशीचा, चप्पल दाराबाहेर काढून आत येणारा. स्विच कसाबसा चालू करून त्यानं लॅपटॉप जोडला. एकेक कमांड टाइप करून तो स्विचमध्ये साठलेल्या नोंदी पडद्यावर ओळीवर बोट ठेवून वाचायचा, पोथी वाचावी तशा.

“बंद पडायच्या आधी दर बारीला मशीन तापलंय,” तो म्हणाला. “पंखा बराबर हाय. ह्याच्यावर कायतरी झाकलं व्हतं.”

“बसवलंय तुम्ही, चूक तुमचीच,” अध्यक्ष गरजले. “कंपनीला कळवतो.”

तो माझ्याकडं वळला. “दादा, तुमी रोज इथंच बसता. तेवढं सांगा की. माझ्या नोकरीचा सवाल हाय.”

अध्यक्षही माझ्याकडंच बघत होते.

“माझ्या काही लक्षात नाही,” मी म्हणालो.

तो रागावला नाही. वायर नीट गुंडाळत म्हणाला, “मशीन बरं. मरता मरता खरं लिहून ठिवतंय.”

पुढच्या खेपेला दुसराच माणूस आला. मी पहिल्याची चौकशी केली.

“त्यांला काढलं की. तुमच्याच हितलं पत्र आलं व्हतं.”

अध्यक्षांच्या सहीच्या त्या पत्रात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. ते मीच टाइप केलं होतं.