पानमळ्यातली मर

आमच्या जामनेरकडच्या पानमळ्यात बाईमाणसाने पाऊल टाकायचे नाही, असा दंडक होता. बायका कुडाबाहेर बसून पाने निवडत. पानांना त्यांचे हात चालत, मातीला पाय चालत नसत. या गोष्टीचा आज जो संताप येतो, तो मला विशीत यायला हवा होता.

त्या वर्षी मी सोयऱ्यांच्या मळ्यातून नव्या वेलांचे बेणे आणले. तिथले काही वेल बुडाशी काळे पडून कुजलेले मी डोळ्यांनी पाहिले होते. पण पान लांब आणि देखणे होते, आणि धुळ्याला शिकून आलेल्या मुलाने काही नवे केले, असे वडिलांनी म्हणावे ही हाव त्याहून मोठी होती. ते बेणे मी पाटाच्या तोंडाशीच लावले.

पावसाळ्यात आमचा गडी तापाने फणफणून मळ्यात, पाटापासून लांबच्या टोकाला, आडवा झाला. बाहेर पाने निवडणारी त्याची बायको तांब्याभर पाणी घेऊन आत धावली आणि त्याला सावरत बाहेर घेऊन आली. पंधरा दिवसांत वेलांना मर लागली, बुडाशी कुजून त्यांनी माना टाकल्या. आधी मी लावलेले, मग पाटाचे पाणी जसे पुढे जाई तसतसे पुढचे. ती गेली होती ते टोक अजून हिरवेगार होते. हे सगळ्यांना दिसत होते!

“बठ्ठा मळा खाई गई हाई बाई,” चुलत आजोबा गरजले. सगळ्या मळ्याचे खापर तिच्यावर फुटले.

ती वडिलांपुढे उभी राहिली. “आबा, तेस्ले पानी देवाले गयती मी. येलले हात बी लावा नही.” मग माझ्याकडे वळली. “भाऊ, तुमी शिकेल शेतस. पाय लागना म्हनीसन येल मरतस का?”

“पाहू,” मी म्हणालो, आणि खाली पाहिले.

नवराबायकोला त्याच दिवशी काढले. गावात दुसऱ्या कोणी काम दिले नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी मजुरीला ती दोघे निघून गेली. दिवाळीपर्यंत मळाही संपला, आणि तरीही कोणाला शंका आली नाही.

तीस वर्षांनी ती मला सोनगीरच्या बाजारात भेटली. विधवा, केस पांढरे. मी चाचरत बेण्याची हकीकत सांगितली. मिरच्या निवडता निवडता ती म्हणाली, “माले काय सांगतस, भाऊ? माले तं ठाऊकच व्हतं. तुमना गावले सांगा.”

मी गावात सांगितले. पारावरचा एकजण हसला. “आते पन्नाशीमा पाप आठवनं का, आबा?”

यंदा पुतण्याने नवा पानमळा लावला आहे. दाराशी तोच दंडक. मी त्याच्याशी कडाडून भांडलो. तो शांतपणे म्हणाला, “आबा, बायकांना आत सोडले आणि वेल गेले, तर लोक कोणाचे नाव घेतील?”

“माझे घ्या,” मी म्हणालो. “तेव्हाही माझेच घ्यायला हवे होते.”

त्याने मान डोलावली. दार मात्र उघडले नाही.