कवच ढिलं करणारं औषध

नवऱ्याच्या स्वादुपिंडात गाठ निघाली, तोवर आम्ही दोघं त्याच्या पोटदुखीला ॲसिडिटीच समजत होतो. तो द्रोणागिरीला, बंदराजवळच्या एका गोदामात सुपरवायझर. अवेळी जेवण, त्यामुळे असेल, असं वाटायचं. किमो सुरू झाली, पण गाठ तसूभरही हलली नाही. मग डॉक्टर मॅडमनी एका नव्या औषधाच्या ट्रायलबद्दल सांगितलं.

"गाठीभोवतीच्या पेशी तिच्यावर घट्ट कवच करतात. किमो आत शिरतच नाही. ह्या औषधात नॅनो, म्हणजे डोळ्यांना दिसणारच नाहीत इतके बारीक कण असतात. ते गाठीला मारत नाहीत, भोवतालचं कवच ढिलं करतात."

"एवढे बारीक आहेत, तर दुसरीकडे नाही जाणार?" मी विचारलं.

"जातात ना. बरेचसे यकृतात जातात. म्हणून दर वेळी रक्त तपासायचं."

त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. नवरा मात्र हो म्हणून मोकळा झाला.

खारघरच्या हॉस्पिटलात त्याला सलाईन लावलं. औषध पाणचट दुधासारखं दिसत होतं. मी डबा उघडत होते, तेवढ्यात तो म्हणाला, "कंबर खूप दुखतेय गं."

वर पाहिलं तर चेहरा, मान, कानाच्या पाळ्यासुद्धा लालबुंद. छातीवर हात ठेवून तो तोंडाने श्वास ओढत होता. सिस्टरला हाक मारायचं सोडून मी डब्याचं झाकण लावत बसले. शेवटी शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी हाका मारल्या.

सिस्टरने आधी नळी बंद केली, मग ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. मी भिंतीला टेकून उभी. हा आता जाणार आणि घरी सासूबाईंना कोण सांगणार, एवढंच डोक्यात फिरत होतं.

हळूहळू लाली उतरली. पहिल्या वेळी असं होऊ शकतं, मॅडम म्हणाल्या. तयारी असेल तर थोड्या वेळाने अगदी सावकाश पुन्हा सुरू करू. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचं ब्लँकेट सारखं करत राहिले.

"लावा," तो म्हणाला.

मग मी त्याचा पाय धरून बसले. थेंब पडला की त्याचे कान बघायचे. काही झालं नाही.

परतताना आमची टॅक्सी कंटेनरच्या रांगेत अडकली. त्याने विचारलं, "तू नको म्हणणार होतीस ना?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस म्हणून."

सासूबाई दारातच होत्या. "काय झाला गो? तोंड सुकलाय तुझा."

"काही नाही आई. ट्रॅफिक होतं."

त्यानंतर दोन महिने औषध आणि किमो चालू राहिली. परवाच्या स्कॅनमध्ये गाठ जराशी लहान दिसली. अशीच कमी होत गेली तर ऑपरेशन करता येईल, मॅडम म्हणाल्या. नवऱ्याने लगेच भावाला फोन लावला. मी रिपोर्ट फाईलमध्ये लावले. आता मला ऑपरेशनचीही भीती वाटायला लागली आहे.